जेलरसाहेब, शिवणाच्या बाई

त्या सकाळी फोन आला तो मावशीच्या शेजारच्या शबानाचा. "बाजी, खाला दरवाजा नै खोल रहे. दूध की थैली वैसीच पड़ी है…" मी मुकुंदवाडीला पोचेपर्यंत शबानाच्या नवऱ्यानं दार उघडलं होतं. मावशी खुर्चीत बसल्या बसल्याच गेली होती, चष्मा डोळ्यांवर तसाच. कुणाला त्रास दिला नाही, असं जो तो म्हणत होता. मला दिला. एक शब्द न बोलता गेली, याचा राग दीड महिना झाला तरी उतरलेला नाही.

दुपारी सगळं आटोपून आल्यावर मी पेपरात द्यायचा मजकूर लिहायला बसले. मला हुद्द्यांची हौस फार. मावशी हर्सूलच्या तुरुंगात बायकांच्या विभागावर अधिकारी होती, आमच्या घरात वर्दी घालणारी पहिली. पण लग्नपत्रिकांमध्ये ती कायम नुसती 'मावशी'. मामांच्या नावापुढं मात्र 'माजी ग्रामपंचायत सदस्य' ठळक अक्षरांत! यावरून मी घरात किती भांडले असेन! म्हणून ठरवलं, आता तरी छापून येऊ दे: सेवानिवृत्त वरिष्ठ तुरुंगाधिकारी. सोबत वर्दीतला फोटो. संध्याकाळपर्यंत पाठवते, असं पेपरवाल्यांना कळवलंही.

तिला स्वतःला हुद्द्याचं कौतुक नव्हतं, असं मात्र नाही. तुरुंगात तिला 'साहेब'च म्हणावं लागे. नवी आलेली एखादी रडत 'ताई, ताई' करत पायाशी बसली, तरी ही म्हणायची, "ताई नाय. साहेब म्हण." मला ते फार कठोर वाटायचं. एकदा बोलून दाखवलं, तर पोळी लाटता लाटता म्हणाली, "अगं, घरच्यांनी टाकलेल्या असतात त्या. ताई म्हणलं की बहिणीकडं मागावं तसं मागतात. माझ्या हातात ते नसतंय. साहेबाकडं जेवढं हाय, तेवढं तरी सगळ्यांना सारखं देता येतंय." आणि पुढची पोळी टाकली. तिचं मोठं बोलणं नेहमी असं स्वयंपाकात उरकायचं.

ती निवृत्त झाल्यावर आम्ही पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला गेलो होतो. फर्दापूरला चहाला थांबलो, तेव्हा नवऱ्याबरोबर, सासू-सासऱ्यांबरोबर आलेली एक बाई मावशीकडं बघत घुटमळली. मावशी मुद्दाम दुसरीकडं बघत राहिली. शेवटी ती बाईच पुढं आली आणि वाकून नमस्कार करत सासूला म्हणाली, "या आमच्या शिवणाच्या बाई." मावशी लगेच, "व्हय का, कशी हायेस? हात बसला का आता ब्लाउजवर?" माझा चहा सांडायचाच बाकी होता. या बाईचं तुटलेलं बटणसुद्धा मी लावून द्यायचे!

गाडीत मी चिडवायला लागले तशी ती हळूच म्हणाली, "आतली बाई बाहेर भेटली तर आपण आधी ओळख द्यायची नाय. तिनं दिली तर ती म्हणंल ते आपण. नव्या घरी तिचं मागचं कुणाला ठाऊक नाय." त्या हिशेबानं ती कुणाची नर्स होती, कुणाची अंगणवाडीच्या बाई, एकीची तर माहेरची वहिनी. कोण कशासाठी आत होती, हे मी पुष्कळ खोदून विचारलं, पण तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

…तर त्या संध्याकाळी मजकूर पाठवणार, तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. "शिवणाच्या बाई हायेत का? मी फर्दापूरची." मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "पेपरात येणार का?"

"उद्या."

"फोटो?"

"हो, वर्दीतला."

"आमचे सासरे पेपर मोठ्यानं वाचतात…" मग म्हणाली, "पर छापा तुमी. मान हाय तो त्यांचा. मी बघते काय सांगायचं ते."

छापू नका, असं ती म्हणाली असती तर मी कदाचित भांडले असते. ती छापा म्हणाली, आणि माझा हात चालेना. वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी भांडले तो हुद्दा समोर लिहून तयार होता. मी कागद फाडला आणि मग खूप रडले. सकाळपासून रडू आलं नव्हतं, ते सगळं तेव्हा आलं.

या लेखावर मावशीचं नाव नाही, माझंही नाही. शिवण, फर्दापूर, हर्सूल, मोठ्यानं वाचणारे सासरे, हेही मी बदलून लिहिलं आहे. संपादकांनी फोटो मागितला होता, दिला नाही. पण ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्या वाचत असतील, तर एवढंच सांगते: मावशीचा फोन मी बंद केलेला नाही. नंबर तुमच्याकडं आहेच. मी आपणहून कुणाला फोन करणार नाही. तुम्ही केलात, तर मी तुमची कोण, ते तुम्हीच सांगा.