श्राद्धाच्या अळूतलं मीठ

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलींपाशी नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही — आणि या वयात मी कोणाला भ्यायची?

आम्ही डोंबिवलीला राहायचो. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. घरात नवरा, मी, दोन मुली आणि सासूबाई. स्वयंपाकघर सासूबाईंचं. मी विहिरीचं पाणी भरायची, नारळ खवायची, वाटण वाटायची — मीठ मात्र त्याच घालणार. "चौथी शिकलीस, पण चिमटीला अक्कल नाही," असं चारचौघांत म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, त्यांचा हात तोलून घेतल्यासारखा होता. चव न बघता वीस माणसांचं मीठ बरोबर पडायचं. अकरा वर्षं मी मिठाच्या बरणीला हात लावला नव्हता.

मग एकदा त्यांनी वाल न भिजवताच फडक्यात बांधले. दोन दिवस गाठोडं सोडून मोड आले का बघत होत्या. तुळशीला पाणी घालून आल्या की पुन्हा तांब्या भरायच्या. देवळातून येताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी थांबायच्या आणि कोणी शेजारीण दिसली की तिच्याशी बोलत बोलत घरी पोचायच्या — हुशार बाई! नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला परतायचा, त्याला काय दिसणार? मला दिसलं. सगळ्यांच्या आधी दिसलं. आणि मी काय केलं? गप्प बसले. म्हटलं, आता बरणी माझ्याकडे यायला फार दिवस नाहीत.

सासऱ्यांचं, नानांचं, श्राद्ध आलं. श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत कोणी जिभेला काही लावायचं नाही. सगळी भिस्त हातावर. अळूच्या पातेल्यात त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत खडे मीठ घातलं. खीर ढवळायला वळल्या, परत आल्या आणि पातेल्याशी थबकल्या. मग हळूच, बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, यात मीठ घातलं का मी?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या मला काही विचारत होत्या.

मी म्हणाले, "नाही."

तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही — थांबा.

गुरुजींनी अळू बाजूला सारलं आणि दोनदा पाणी मागितलं. श्राद्धाच्या पानाला नावं ठेवत नाहीत. मग घरच्यांची पंगत बसली. ठाण्याहून नणंद आली होती, कल्याणहून धाकटे दीर. नणंदेनं पहिलाच घास घेतला आणि ओरडली, "अगं आई, खाडी ओतलीस की काय यात?"

दीर म्हणाले, "नानांची तहान आता वर्षभर भागत नाही!"

सगळे हसले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी हिला विचारलं होतं. पुन्हा घालायच्या आधी विचारलं होतं हिला."

बरोबर होतं त्यांचं. सकाळपासूनचं बाकी काही आठवत असेल-नसेल, एवढं पक्कं आठवत होतं.

मी भात वाढत होते. म्हणाले, "नाही हो आई. तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत."

मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वाढणारा हातसुद्धा थांबला नाही माझा.

त्यांनी वाद घातला नाही. एरवी शब्द खाली पडू न देणारी बाई — "नव्हतं विचारलं?" एवढंच पुटपुटली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं बरणी माझ्या हातात दिली. मी घेतली. त्यानंतर सासूबाईंनी स्वतःच्या कुठल्याच आठवणीवर भरवसा ठेवला नाही. माझी आंघोळ झाली का गं? मी जेवले का? देवळात जाऊन आले का? मी "हो" म्हटलं की हो, "नाही" म्हटलं की नाही. चार वर्षं, जाईपर्यंत.

विसरणं त्यांच्या नशिबात होतंच, ते माझ्यामुळे आलं नाही. पण त्या दुपारी त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना बरोबर आठवत होतं, आणि ते मला ठाऊक होतं.