न रडल्याची गोळी

वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात आमचं किराणा दुकान. सामान न्यायला एखादं लहान पोर आलं, की पुडीसोबत त्याच्या तळहातावर मूठभर फुटाणे नाहीतर गुळाचा खडा ठेवायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. ते पोर मग दुसऱ्या दिवशी आईला ओढत आपल्याच दुकानात आणतं. या हुशारीचा मला फार अभिमान होता. त्यामुळे माझी मुलगी शाळेत जाताना भोकाड पसरायला लागली, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

गल्ल्याशेजारी संत्रागोळ्यांची बरणी होती. न रडता गेलीस तर आल्यावर एक गोळी, असं ठरलं. पहिले तीन दिवस ती रडली, मी गोळी दिली नाही. चौथ्या दिवशी ओठ घट्ट मिटून, मान ताठ ठेवून गेली, आणि परतल्यावर दप्तरासकट दुकानात शिरून हात पुढे केला. "मी नाई रडली." मी गोळी दिली आणि समोरच्या गिऱ्हाईकांकडे असं पाहिलं, जणू गडच सर केला. मग इंजेक्शनला गोळी, गुडघा फुटला की गोळी, आई माहेरी गेली तर दोन. पोरगी किती शहाणी, असं नातेवाईक म्हणायचे. माझी छाती फुगायची.

बायकोला हे पटत नव्हतं. "पोरगी हाय आपली, गिऱ्हाईक नाई," ती म्हणायची. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार येत, तेव्हा बोजारा म्हणून खाऊ तीच वाटायची. बैल सजवलेला असो की शिंग तुटलेला, सगळ्यांना सारखं. एकदा एक पोर बैलाचं चाक निखळलं म्हणून दारात रडत उभं होतं. "जो रडून राह्यला, त्याले आधी दे," तिनं मला सांगितलं. असे लाड केले तर पोरं बिघडतात, मी म्हणालो. तिनं माझ्याकडे लक्ष न देता त्याच्या ओंजळीत दोनदा घातलं.

मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा बायको आजारी पडली. वर्ध्याच्या दवाखान्यात फेऱ्या झाल्या, उपयोग झाला नाही, आणि शेवटचा आठवडा ती घरीच होती. एका दुपारी तिनं मुलीला जवळ बोलावलं. मी दाराशीच उभा होतो.

"तुले रडू येते का?"

मुलीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नाही म्हणून मान हलवली.

"आलं तर रडजो, बाई."

मुलगी ओठ मिटून उभी राहिली. तेव्हाच मी काहीतरी बोलायला हवं होतं. नंतर सांगू, असं मला वाटलं.

बायकोला नेलं त्या दिवशी घरभर बायका रडत होत्या आणि मुलगी भिंतीला टेकून ताठ बसली होती. पोरगी किती शहाणी, असं तेव्हाही कुणीतरी म्हणालंच. परत आल्यावर आंघोळ करून मी बंद दुकानात एकटा जाऊन बसलो. ती मागोमाग आली आणि हात पुढे केला.

"बाबा, मी नाई रडली."

तिला पोटाशी धरायचं, एवढी साधी गोष्ट. पण माझा हात सवयीनं बरणीकडे गेला. मी गोळी दिली. तिनं ती खाल्ली नाही, मुठीत धरून आत गेली. या गोष्टीबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

बरणी मी त्याच महिन्यात काढून टाकली. पुढे तिला कितीदा समजावलं, जवळ बसवलं, आईच्या गोष्टी काढल्या. ती ऐकून घ्यायची आणि उठून कामाला लागायची. बऱ्याच वर्षांनी, घरोघरी मोबाईल आल्यावर, तिचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मांडवातल्या सगळ्या बायका रडत होत्या, मीही रडत होतो. ती मात्र मान ताठ ठेवून गाडीजवळ उभी होती. मी तिचे दोन्ही हात धरले.

"रड ना, बाई," मी म्हणालो.

"नाई येत, बाबा," ती म्हणाली, आणि गाडीत बसली.