रक्षाविसर्जनाची वेळ

"घरी फोन केलतास काय?" चष्मा कपाळावर चढवायचा, आलेला कागद पालथा घालायचा आणि समोरच्याकडं न बघता एवढंच विचारायचं. केला नसेल तर कागद परत. मग मालकांच्या व्याह्याची मयत का असेना.

आमच्या कोल्हापूरच्या दैनिकात काका उभी नोकरी निधनवार्ता बघायचे. आम्ही मागं त्यांना यमाचा कारकून म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

त्यांचा सगळा जीव रक्षाविसर्जनाच्या वेळेत. "माणूस गेला, हे पावण्यास्नी कुठनं तरी कळतंय. राख कधी सावडायची, ते आपल्याकडं बघत्यात. आजऱ्यावरनं माणूस पहाटेची एस्टी धरून येतंय लेका. त्यानं काय झाडून घेतलेली जागा बघायची?"

मग पेपर मोबाइलवर गेला आणि मी डिजिटलचा प्रमुख झालो. रोज सकाळी सातला पॉडकास्ट सुरू केला. जिल्ह्याच्या बातम्या, शेवटी निधनवार्ता. त्या काका वाचायचे. तंबाखूनं खरखरीत झालेला, घाई नसलेला आवाज. काय सांगू तुम्हाला, लोक त्या शेवटच्या चार मिनिटांसाठी ऐकायला लागले. उचगावचा दूधवाला म्हणाला, "त्या बाबानं नाव घेतलं की मेलेला माणूस मोठा वाटतोय." हे मी त्यांना सांगितलं, तर गडी चक्क लाजला.

पुढं मी काय केलं ते ऐका. आठवडाभर त्यांना खोलीत बसवून पानंच्या पानं वाचून घेतली आणि त्यांचा आवाज संगणकाला शिकवला. संमतीच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास होता. मग शाल, फेटा, नारळ आणि घरी.

आवाज मात्र नोकरीत राहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली निधनवार्ता संगणक जशीच्या तशी वाचायचा. घरी फोन करायला कुणी उरलंच नव्हतं.

एकदा गडमुडशिंगीच्या घरातनं संध्याकाळी निरोप आला, "रक्षाविसर्जन उद्या सकाळी आठला." संगणकानं तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला, तोही 'उद्या' म्हणूनच. गेलेल्या बाईचा भाऊ आजऱ्याहून आला, तो एक दिवस उशिरा. पत्ता काढत तो थेट काकांच्या दारात गेला. "तुमचा आवाज ऐकून आलतो की हो. बहिणीची राखबी न्हाय घावली."

तो आवाज माझा नव्हे, असं काका म्हणाले नाहीत. त्याला चहा पाजला, हात जोडले, "चुकलं माझं" म्हणाले. मग मला फोन.

"घरी फोन केलतास काय?"

"काका, आता तेवढा वेळ नसतो."

"मग माझा आवाज काढ. दुसऱ्या कुणाचाबी घाल."

"बघतो," म्हटलं. बघितलं नाही. तो आवाज काढला असता तर ऐकणारे गेले असते, आणि माझी खुर्चीही.

पुढं एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. "काल हे गेले. तुमचा फोन येईल म्हणून वाट बघितली. उद्या सकाळी आठला रक्षा हाय. एवढं करा, ह्यांची बातमी ह्यांच्या आवाजात नको."

"काकू, ते माझ्या हातात नाही," मी म्हणालो. माझ्याच हातात होतं. काकूंचा निरोप मी होता तसा टाइप करून पुढं ढकलला.

सकाळी पंचगंगेवर गेलो, तर घरची पाच-सहा माणसं. ज्या आवाजासाठी अख्खा जिल्हा कान देऊन बसायचा, त्याच्या रक्षेला बाहेरचं कुणी नाही. मला वाटलं, कोल्हापूरचे लोक एवढे कसे निर्दयी झाले. मी आमचा पॉडकास्ट कधी ऐकत नाही.

बाहेरचा एकच होता, तो आजऱ्याचा भाऊ. पहाटेच्या एस्टीनं आला होता.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मोबाइलवर त्येंचाच आवाज उद्या म्हणून सांगाय लागलाय," तो म्हणाला. "पण गेल्याचं कळलं तसा मी काल घरी फोन केलता."