जावयाला सापडलेली पळवाट

माझा जावई टेस्टर होता. 'होता' म्हटलं की लेक फणकारते. "आई, आहे म्हण. नोकरी गेलीय, काम विसरलेला नाही तो."

बरं बाई, आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या, हे त्याचं काम. एका सकाळी कंपनीने निम्मा मजला रिकामा केला, त्यात हा गेला. त्याला आता दोन वर्षं होत आली. घर लेकीच्या पगारावर चालतं. ती दवाखान्यात एक्स-रे काढते, दिवसभर उभी असते आणि घरी आली की आधी त्याच्या तोंडाकडे बघते. विचारत नाही काही. ते न विचारणंच मला बघवत नाही.

ती त्याला 'खुसपट' म्हणते, आणि शोभतंही. माझ्या मोबाईलवर औषधाचा गजर लावायला सांगितला, तर आधी मुद्दाम चुकीचा लावून बघेल. "आई, सरळ वापरणारा माणूस जगात नसतो," हे वर.

अर्जांना उत्तरं येतात ती मशीनची. 'आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार.' अहो, स्वारस्य कसलं डोंबलाचं, पोटाचा प्रश्न आहे! तरी हा रोज दाढी करून टेबलाशी बसतो आणि लॅपटॉप उघडण्याआधी डोळे मिटतो. एकदा मी वैतागून विचारलं, "देवाकडे नोकरीच मागतोस ना? मग तिथंही मशीनच बसवलंय वाटतं."

तो हसला. "नोकरी मागून झाली, आई. आता एवढंच म्हणतो, आज खोटं बोलायची वेळ आणू नकोस."

घ्या! मागून मागून मागितलं काय, तर हे.

मागच्या महिन्यात एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. कित्येक महिन्यांत इथवर मजल गेली नव्हती. बोलावलं म्हणजे लिंक पाठवली. समोर माणूस नाही. पडद्यावर प्रश्न येणार, घड्याळ उलटं धावणार, आणि कॅमेऱ्याकडे बघून एकदाच उत्तर द्यायचं. मुदत शुक्रवारची.

बुधवारी दुपारी तो सरावाचा प्रश्न करून बघत होता, मी शेजारी वाटाणे सोलत होते. मध्येच थांबला. "आई, गंमत बघा." सराव अर्धवट सोडून पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं, की खरे प्रश्न समोर! वर उत्तर हवं तितक्या वेळा नव्याने द्यायचं बटणही दिसत होतं. पहिला प्रश्न दिसताच त्याने पान मिटलं.

"अरे, मिटतोस काय! लिहून घे सगळे."

"त्यांना कळवायला हवं."

"मुलाखत झाल्यावर कळव."

"त्याला कळवणं म्हणत नाहीत, आई."

एरवी मी त्याला अरे-तुरे करते, डोकं फिरलं की अहो-जाहो. "जावईबापू, आपण थोर आहात. पण माझी लेक पाय सुजवून घरी येते, तेही कळवा त्यांना!"

तो लॅपटॉपकडे वळला. कुठे दाबलं की काय दिसतं, आपल्याला कोणता प्रश्न दिसला, तो बदलावा, सगळं पायरी-पायरीने लिहिलं आणि पाठवून मोकळा झाला.

संध्याकाळी वाटलं, लेक तरी दोन शब्द सुनावेल. सगळं ऐकून ती म्हणाली, "धन्य आहेस, खुसपटा." हसली. मग हातपाय धुवायला गेली ती बाहेरच येईना. नळ मात्र बराच वेळ चालू होता.

गुरुवारी ती लिंक बंद पडली. शुक्रवारही कोरडा गेला. पुढच्या आठवड्यात नवी लिंक आली, दुरुस्त केलेली. याने मुलाखत दिली. मी दाराबाहेर होते. 'मधल्या काळात काय केलंत?' हे त्यांनी फिरवून विचारलंच, ते त्याच्या उत्तरावरून कळलं. "काम शोधलं. मिळालं नाही. शिकत राहिलो," म्हणाला आणि थांबला. घड्याळ धावत असणार. मी बाहेर पदर चावत उभी.

चार दिवसांनी निकाल. स्वारस्याबद्दल आभार.

आता हा काहीतरी शहाणपणाचं बोलणार, म्हणून मी जय्यत तयारीत. तर त्याने लॅपटॉप असा आपटला की कप हलला. "नाही म्हणा, पण माणसाने वाचून तरी म्हणा!" खरं सांगते, मला बरं वाटलं. घरात संत सांभाळणं फार अवघड.

लेकीने दारातूनच विचारलं, "कळवल्याचा पस्तावा होतोय?"

"नाही. पण राग आलाय."

"मग येऊ दे की राग. मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पिशव्या घेऊन येताना खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. मुलाखतीचं सगळं मीच त्यांना सांगितलं होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माझ्या भावाची कंपनी आहे, नावापुरती. दोन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवून देईल. जावयाला सांगा, असा भोळेपणा चालत नाही आजकाल."

गेले कित्येक दिवस मी हेच तर म्हणत होते! तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. "नको हो. आमच्याकडे तसलं करत नाहीत."

त्या गेल्या. चालून आलेली वाट मी माझ्या हाताने बंद केली होती. इतका संताप आला, की दोन्ही पिशव्या तिथेच टेकवल्या आणि पायरीवर बसून राहिले.