महादेवीचा सा

महादेवी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घराच्या गॅलरीत तबल्याला ऊन दाखवत बसलो होतो. तिची मुलगी बोलत होती. "सर, आई सकाळी गेली. तुम्हाला आधी कळवायचं, असं सांगून ठेवलं होतं तिनं." दुपारपर्यंत उदगीरला पोचलो. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तिला बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात फुलं, आणि भजनी मंडळ गात होतं. तिच्या विद्यार्थिनी त्या पुरुषांच्या मागे उभ्या राहून, त्यांच्याहून वरच्या पट्टीत, न चुकता गात होत्या. एरवी बायका तिथं गात नाहीत. कुणी त्यांना थांबवलं नाही.

नंतर वर्तमानपत्रांत छोट्या बातम्या आल्या. "ज्येष्ठ संगीतशिक्षिका, सरांच्या पट्टशिष्या" वगैरे. ज्या युक्तीनं आमच्या भागातल्या कितीतरी मुली मोकळ्या गळ्यानं गाऊ लागल्या, ती सरांनी काढली आणि महादेवीनं पुढं नेली, असंही त्यात होतं. हे सर म्हणजे मी. आणि ती युक्ती माझी नव्हती. हे लिहायला मी फार उशीर केला आहे...

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या, प्रत्येकाला वाटायचं की आता आपल्या गावात सगळं यायला पाहिजे. आमच्या कला महाविद्यालयाच्या प्राचार्यांना वाटलं, संगीत यायला पाहिजे. म्हणून बी.ए.ला इतिहास, मराठी, अर्थशास्त्राच्या जोडीला संगीत हा विषय सुरू झाला आणि मी नांदेडहून तिथं रुजू झालो. पाठोपाठ दुष्काळ आला. विहिरी आटल्या, वसतिगृहावर टँकर यायला लागला. कोरड्या हवेनं विभागाच्या एकुलत्या एक तंबोऱ्याचा भोपळा तडकला. उरली एक पेटी आणि एक तबला. माणसांना प्यायला पाणी नसताना दुसरा तबला मागायला तोंड कुणाला होतं?

तो तबला मोठ्या तोंडाचा होता, काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, लागायचा. ही पट्टी सर्वसाधारणपणे पुरुषांची. बायकांचा सा त्याच्या बराच वर असतो, पण तबला तेवढा चढवला तर त्याच्या कातड्याची पुडी फाटेल. म्हणून मी सगळ्या वर्गाला, मुलामुलींना, काळी एकमधूनच गायला लावायचो. मला शिकवलं तसंच मी शिकवत होतो. मुलींचे आवाज खालच्या सुरांवर विरून जायचे. मी त्यांना म्हणायचो, तुझा आवाज बसका आहे, गृहशास्त्र घे. काहींनी घेतलं.

महादेवी उदगीरच्या किराणा दुकानदाराची मुलगी. प्रवेशाच्या वेळी वडील सोबत आले होते. धोतर, काळी टोपी, बोलणं थेट. "सर, पोरीला गाता येतं का न्हाई, एवढं तुम्ही सांगा. न्हाई म्हणलात की मी सोयरीक बघतो. मला काय गाण्यातलं कळत न्हाई." दिवाळीनंतर ते पुन्हा आले तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं, आवाज बसका आहे. ते जायला उठले. मग म्हणाले, "बरं. परीक्षेपर्यंत राहू द्या. फेल झाली तर घरी नेतो."

महादेवी दाराबाहेर होती. तिनं ऐकलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी ती वर्ग सुटल्यावर थांबली. म्हणाली, "सर, टँकर आला की मी खोलीतल्या शांताला हाक मारते. मैदानाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जातो माझा आवाज. शांता म्हणती, वर्गात काय होतंय गं तुला, मांजरावानी गाऊन राहिलीस?"

"हाक मारणं वेगळं आणि गाणं वेगळं," मी म्हणालो.

"पण गळा तर तोच हाय ना सर?" तिनं पेटीवर काळी चार दाबली. "हाक इथून निघते. मी इथं सा धरू का?"

मी तिला तबल्याची अडचण समजावून सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तबला राहू द्या की तिथंच. मी इथं सा धरला तर तबल्याचा सूर माझा मध्यम, सारेगमतला म, होतो. मध्यमाचा राग गाते. भूपात मध्यम न्हाई, म्हणून दुर्गा गाते." आणि तिनं दुर्गातली एक ओळ म्हटली. मी बोटं तबल्यावर ठेवून बसलो होतो. तो आवाज त्या खोलीत मी तोवर ऐकलाच नव्हता. तबला मध्यमात लावून गातात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते मोठ्या गवयांचं काम, आपल्या वर्गातल्या मुलींसाठी ते वापरावं असं कधी मनात आलं नव्हतं. मी म्हणालो, "परीक्षेत असले प्रयोग नकोत."

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. महादेवीची पाळी आली. ती बसली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पेटीवरच्या मुलाला म्हणाली, "काळी चार." मी थांब म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही, एवढंच माझं श्रेय. तिनं सा लावला आणि परीक्षकांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. गाणं संपल्यावर ते मला म्हणाले, "तबला मध्यमात घेतलात. छान सुचलं तुम्हाला."

मी म्हणालो, "हो, मुलींसाठी करावं लागतं."

महादेवी तिथंच होती, सतरंजीची घडी करत.

बाहेर लिंबाखाली तिचे वडील उभे होते. "पास हाय का, सर?" मी हो म्हणालो. "अन् बसका म्हणला होता ते?" ते स्वतःशीच हसले, "जाऊ द्या. गाऊ दे तिला." सोयरीक मग पाच-सहा वर्षं लांबली.

परीक्षकांना दिलेल्या त्या एका वाक्यानं मी पुढं पुष्कळ मिळवलं. माझ्या पद्धतीची चर्चा झाली, इतर महाविद्यालयांत मला बोलावलं गेलं. महादेवी एम.ए. झाली, उदगीरला शिकवू लागली. नव्या मुलीला ती आधी गायला लावायचीच नाही. मैदानाच्या टोकाला पाठवायची आणि म्हणायची, घरच्या माणसाला हाक मार. कुणी "अव्वा" म्हणून ओरडायची, कुणी "ए दाद्या". महादेवी पेटीवर तो सूर शोधायची आणि सांगायची, हा तुझा सा, आता हा कुणाला देऊ नकोस.

माझ्या सत्कारात एका वक्त्यानं ती युक्ती माझ्या नावावर पुन्हा सांगितली. महादेवी पहिल्या रांगेत होती. नंतर मी विचारलं, "तू बोलली का नाहीस?"

"तुमच्या गळ्यात हार होते, सर. हार घातलेल्या माणसाला मधेच कसं उठवायचं?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "लिहा कधीतरी. पण मी असताना लिहा. मला वाचायला मिळालं पाहिजे."

मी लिहिलं नाही. उद्या लिहू म्हणत राहिलो...

मागच्या आठवड्यात तिच्या वर्गात दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. मी मुलींना सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तसंच. मला वाटलं होतं, मन हलकं होईल. एका मुलीनं हात वर केला. देगलूरकडची होती. "सर, म्हणजे महादेवी बाईंच्या आधीच्या मुलींना तुम्ही बसका आवाज म्हणून काढलं, त्यांचं काय झालं?"

महादेवीनं मला हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "ठाऊक नाही." ती मुलगी म्हणाली, "मग विचारा की. फोन आहेत आता."

सहज म्हणाली ती. मला वर्गात बसलेली महादेवी आठवली.

मी परत येऊन विचारपूस सुरू केली. पहिली सापडली ती उमरीला असते, नातवंडं आहेत. नाव सांगितल्यावर तिनं मला लगेच ओळखलं. मी तिला पट्टीचं समजावलं, चूक तुझ्या गळ्याची नव्हती म्हणालो. ती म्हणाली, "सर, मी तेव्हापासून आरतीसुद्धा मनातल्या मनात म्हणते."

"घरात पेटी आहे का?"

"नातीची आहे."

"काढ."

फोन कुठंतरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला, मग भात्याचा. तिनं काळी एक दाबली आणि मी शिकवलं होतं तसा, घाबरत, खालून सा लावला. मी म्हणालो, "तिथं नको. वर ये." ती एक पट्टी वर आली. "अजून," मी म्हणालो, "अजून वर ये."