डावा आठ, उजवा दहा

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, आणि शब्दही साधेच येतात. पण मेसमध्ये काम करणाऱ्याकडे किस्से कसे साठतात सांगू? दुपारची जेवणं उरकली की सिंकमध्ये ताटं साठतात ना, तसे. एक घासायला घेतलं की खालून चार दिसतात!

आमची मेस दुबईत, करामाला. सावंत काका-काकूंची. काका बाजारहाट बघायचे, काकू स्वयंपाक, मी काकूंच्या हाताखाली, आणि सलीमभाई डब्यांची व्हॅन चालवायचे. सलीमभाई खेडचे, मी कणकवलीचा. तिथल्या एका मॉलमध्ये बर्फाचा डोंगर उभा राहिला, त्या वेळच्या या गोष्टी.

*

डोंगराची बातमी आली तेव्हा मेसमध्ये कोणाचा विश्वास बसेना.

काका म्हणाले, "डीप फ्रीझर डीफ्रॉस्ट केला की निघतो ना, तोच बर्फ असणार. आपण फेकतो, ते तिकीट लावतात!"

"काका, इथे समुद्रात वाळू टाकून जमीन करतात," सलीमभाई म्हणाले, "डोंगराचं काय घेऊन बसलात?"

मला वेगळेच प्रश्न पडले होते. बर्फ रोज नवा पाडतात की जुनाच असतो? जुना झाला की टाकतात कुठे? पण चारचौघांत विचारायला मला लाज वाटते. काकूंनी मात्र पोळी लाटता लाटता विचारलं, "इथलं पाणी समुद्राचंच, गोडं केलेलं. मग तो बर्फ खारट लागत असेल का रे?"

कोणालाच माहीत नव्हतं. मग जो जेवायला येईल त्याला काकू तेच विचारायच्या. पाटीलसाहेब म्हणून आमचे एक गिऱ्हाईक होते, त्याच मॉलमध्ये एसीच्या मशीनवर. ते म्हणाले, "वहिनी, तो बर्फ थंड ठेवतो मीच, पण आत कधी गेलोच नाही!"

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन पास आणून दिले. बूट, जाकीट, शिकवणारा, सगळं त्यातच. मुदत शुक्रवारपर्यंत. काकूंचे गुडघे दुखायचे, काकांना थंडी सोसायची नाही. म्हणून पास मला आणि सलीमभाईंना.

*

बर्फाने मला आधीच गाठलं! बुधवारी डीप फ्रीझरमधून सुरमईचा गोठलेला ठोकळा हातातून निसटला आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला. नख काळंनिळं झालं.

काकूंनी खोबरेल तेलात हळद गरम केली, अंगठ्यावर थापली आणि वर फडकं बांधलं. "हाड शाबूत आहे. पण आठ दिवस या पायात बूट घालायचा नाही. तुझ्या आईला मी फोनवर शब्द दिलाय."

"काकू, पण शुक्रवारी तो पास..."

"पास दुसऱ्या कोणाला तरी दे."

काका पेपराआडून म्हणाले, "लोक स्की करून पाय मोडून घेतात. याने आधीच उरकून घेतलं!"

डोंगर बघायचा होताच, पण मला तो बर्फ चाखून काकूंना उत्तर आणून द्यायचं होतं. त्या किचन सोडून कुठे जायच्याच नाहीत. आणि असा पास मला परत कोण देणार होतं?

सलीमभाई हळूच म्हणाले, "बूट घालू नको म्हणाल्या. मॉलला जाऊ नको असं कुठे म्हणाल्या?"

*

गुरुवारी दुपारी सलीमभाईंनी मला स्की शिकवायला घेतलं. ते डबे द्यायला त्या मॉलमध्ये जायचे आणि काचेबाहेर उभं राहून बघायचे. "मी काचेतून सगळं बघितलंय," ते म्हणाले.

किचनची फरशी साबणाने भिजवलेली. सलीमभाईंच्या पायांत मोजे, दोन हातांत दोन झारे. "गुडघे वाकव. टाचा बाहेर. आता अल्लाचं नाव घे. यल्ला, चल!"

ते सिंकपासून सुटले ते थेट तांदळाच्या पोत्यावर. मी उचलायला धावलो तर दारात काका. काकांनी झाऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "फरशी पुसून झाली असेल तर झारे धुऊन ठेवा."

*

शुक्रवारी काकूंना मॉल बघायला जातो म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "चप्पल घालून जा."

बुटांच्या काउंटरवर एक फिलिपिनो मुलगी होती. "साइझ, सर?"

मी म्हणालो, "लेफ्ट एट, राइट टेन." फडक्यामुळे दुसरा इलाजच नव्हता.

तिने माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "सर, ओन्ली पेअर."

मी आठची जोडी घेतली. सलीमभाईंचा पाय दहाचा. त्यांनी त्यांची जोडी घेतली, बाकावर बसले आणि उजवा बूट मला दिला. पण बुटाखाली अडकवायची स्कीची पट्टी ज्याच्या त्याच्या बुटाच्या मापाने लावतात. म्हणून उजवी पट्टीही त्यांचीच. डावी आखूड, उजवी लांब!

"आणि तुम्ही?"

"मला कुठे जायचंय? मी काचेतून सगळं बघितलंय." ते उताराखाली बसले. डाव्या पायात स्कीचा बूट, उजव्यात स्वतःची चप्पल, आणि त्यावर मेसची प्लास्टिकची पिशवी.

हातमोजे पासात नव्हते. म्हणून सलीमभाईंनी किचनमधले, गरम ट्रे धरायचे जाड मोजे आणले होते. शेजारी एक मराठी कुटुंब होतं. त्यांच्या मुलाने ते बघून विचारलं, "अंकल, आर यू अ शेफ?"

"नो. हेल्पर," मी खरं ते सांगितलं.

*

शिकवणारा उंच, गोरा. कुठल्या देशाचा ते विचारायचा धीर झाला नाही. तो ओरडायचा, "स्ट्रेट, माय फ्रेंड, स्ट्रेट!" आणि मी दर वेळी डावीकडे वळून कडेच्या जाळीत.

शेवटी त्याने वाकून माझ्या पट्ट्या बघितल्या. एक लांब, एक आखूड. मग खाली बसलेल्या सलीमभाईंचा एकच बूट बघितला.

"हबीबी," तो म्हणाला, "तुम्हा दोघांत मिळून पाय किती?"

पण हसला, आणि माझा हात धरून सरळ खाली घेऊन आला. अंगठा ठणकत होता, तरी मला परत वर जावंसं वाटत होतं. मग सलीमभाई दिसले. ते वर बघत होते. मी बाकावर बसलो आणि उजवा बूट काढून त्यांना दिला.

सलीमभाई वरून सुटले ते दोन्ही हात वर करून, "खलास! खलास!" ओरडत माझ्या पायाशी येऊन पडले. बर्फाने पांढरे झाले होते.

"गणू," ते म्हणाले, "काचेतून काहीच दिसत नाही रे!"

*

बूट परत दिले तेव्हा उजव्या बुटाचं अस्तर पिवळं झालेलं. त्या मुलीने वास घेतला. "करी, सर?"

"मेडिसिन, सिस्टर," सलीमभाई म्हणाले.

त्याआधी आतच मी हातमोज्याने चिमूटभर बर्फ तोंडात टाकला होता. खारट की गोड कळेना, मोज्याला गरम मसाल्याचा वास! सलीमभाईंनीही चाखला. "बिर्याणी," ते म्हणाले.

मग सलीमभाईंनी जाकिटातून मेसचा छोटा स्टीलचा डबा काढला आणि आम्ही तो भरून घेतला. मेसमध्ये येईपर्यंत अर्धं पाणी झालं. मी डबा डीप फ्रीझरमध्ये सुरमईच्या मागे दडवला. पण काकूंना द्यायचा कसा? डबा पुढे केला की बुटाचं विचारणार! मी तसाच झोपलो.

सकाळी उठलो तर काकू हळद-तेल गरम करत होत्या. मी स्टुलावर बसून पाय पुढे केला. त्यांनी फडकं सोडलं, अंगठा इकडून तिकडून दाबून बघितला, नवं फडकं बांधलं.

"मॉल बघितलास?"

"हो."

"बरं. सुरमई काढ."

मी फ्रीझर उघडला. डबा मागे होता तो पुढे आला होता. झाकण काढलं. बर्फावर चमच्याने खरवडल्याची खूण होती, आणि झाकणाच्या कडेला हळदीचं पिवळं बोट.

मी झाकण लावलं, डबा होता तिथे ठेवला, आणि सुरमईचा ठोकळा दोन्ही हातांनी धरून बाहेर काढला.