‘हो’चं बटण

रायर सरांनी स्कॅनर माझ्या हातातून काढून घेतला, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि स्कॅनर पुसला. आधी काच, मग कडा. माझी बोटं होती ती जागा दोनदा.

माझे हात स्वच्छ होते. नुकतेच साबणाने धुतले होते. वर्कशॉपमधली सगळी माणसं बघत होती. मी हसले. हो, हसले. जणू माझीच काही चूक होती.

चेन्नईत, एन्नोर बंदराच्या रस्त्यावर, कंटेनर ओढणाऱ्या ट्रकांचं ते वर्कशॉप. मी तिथे मेकॅनिक. लातूरला आयटीआय केलेली, डिझेलच्या वर्गातली एकटी मुलगी. नवऱ्याला इथल्या वीज केंद्रात कंत्राटी काम मिळालं म्हणून आले. रायर सर आमचे मॅनेजर. घराणं तंजावरकडचं, घरात मराठी. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून खुलले. ‘मराठीच की गं तू!’ तमिळ हेलाची, जुन्या वळणाची मराठी. मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी फक्त तमिळमध्ये बोलले.

स्कॅनर ट्रकच्या कॉम्प्युटरला वायरीने जोडतात. बिघाड कुठे आहे ते तो सांगतो. पण तो हुकूमही देतो. एक बटण दाबलं की इंजिन आपोआप वेग घेतं आणि सायलेन्सरच्या गाळणीत साचलेली काजळी जाळून काढतं. तेव्हा पाइपातून बाहेर पडणारी हवा कातडी सोलून काढेल इतकी तापते. म्हणून आधी हँडब्रेक, गिअर न्यूट्रलला, चाकांना ठोकळे, आणि ट्रकभोवती स्वतः चालून एक फेरी. एवढं मला येत होतं. पण रुमालाच्या त्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हिने ठोकळे लावायचे. यंत्राजवळ तोंड उघडायचं नाही.’

मी नाही उघडलं.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, एक ट्रक आला. सर केबिनमध्ये चढून बसले. मी ठोकळे लावले आणि केबिनच्या दाराच्या पायरीवर उभी राहिले. मुनियम्मा अक्का झाडू घेऊन ट्रकच्या मागे गेली होती. मी तिला जाताना पाहिलं होतं. अक्का एन्नोरच्या कोळीवाड्यातली. पूर्वी मासे विकायची, आता आमच्याकडे झाडलोट करायची. स्कॅनरच्या काचेवर इंग्रजीत प्रश्न उमटला: गाडीजवळ कोणी नाही याची खात्री केली का?

सर खाली उतरले नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी ‘हो’चं बटण दाबलं.

मी तो प्रश्न वाचला होता. अक्का कुठे आहे ते मला ठाऊक होतं. ‘सर, थांबा,’ एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं नाही. इंजिन गुरगुरत वर चढलं. थोड्या वेळाने मागून किंकाळी आली. पाइपाजवळ पडलेली तेलकट चिंधी उचलायला अक्का वाकली होती. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला.

संध्याकाळी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. कागद तयार होता. ‘झाडणारी बाई सूचना देऊनही ट्रकजवळ गेली.’ साक्षीदार म्हणून माझं नाव. कितीतरी दिवसांनी ते मराठीत बोलले. ‘आपण मराठी माणसं. एकमेकांस सांभाळून घ्यावं.’

आणि मी सही केली. घाबरून केली, हे खरं. पण ‘आपण’ हा शब्द ऐकून मला बरं वाटलं, हेही खरं. तेच जास्त झोंबतं.

चार दिवसांनी अक्काच्या घरी गेले. ती दारात बसली होती, हात पट्टीत. लेक तिला भात भरवत होती. अक्काने विचारलं, ‘तू वरच उभी होतीस. मी मागे आहे हे तुला माहीत होतं?’

मी ‘नाही’ म्हटलं.

तिने लेकीचा हात बाजूला केला. मग लेकीला म्हणाली, ‘पुरे, भात नको.’ मी पायऱ्या उतरले, रस्त्यापर्यंत गेले. परत आले आणि म्हटलं, ‘माहीत होतं, अक्का. मी बोलले नाही.’

तिने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी वर्कशॉपचे मालक आले होते. मी नवा कागद लिहून नेला होता. सगळ्यांसमोर मोडक्या तमिळमध्ये वाचला. सूचना कोणी दिली नव्हती. फेरी कोणी मारली नव्हती. मी पाहिलं होतं आणि गप्प राहिले. मी सही केलेला पहिला कागद खोटा आहे.

रायर सर म्हणाले, ‘तुला नोकरी नको आहे का?’

‘हवी आहे,’ मी म्हटलं. ‘पण हा कागद मागे घेणार नाही.’

मालकांनी कागद घेतला. अक्काच्या उपचाराचं बघतो म्हणाले. मला टायरच्या कामाला लावलं. रायर सर अजून मॅनेजर आहेत.

अक्का कामावर परतली, पण माझ्याशी बोलत नाही. तिने बोलावं असं मी मागतही नाही. आता कुठल्याही ट्रकला स्कॅनर जोडला की मी हातातला पाना ठेवते आणि ट्रकभोवती फेरी मारते. मला कोणी सांगितलेलं नाही. खाली माणूस दिसला की ओरडते, केबिनमध्ये कोणीही बसलेलं असो. काढायचं तर काढा कामावरून. माझ्या गप्प राहण्याच्या भरवशावर यापुढे एकही इंजिन वेग घेणार नाही.